शेगड्यात उघडलेलं कुलूप खरं, की हातात उघडलेलं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या सहा पानी पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

ताईंचं वय 34. यजमान चाबीवाले, 16-17 वर्षं आसपासच्या आठवडी बाजारांत सायकलला पेटी बांधून जायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. चालणं-बोलणं बरंचसं सुधारलं, पण उजव्या हातात पूर्वीची पकड राहिली नाही. दोन एकर कोरडवाहूवर घर चालत नाही म्हणून ताईंनी ही विद्या शिकायला घेतली. शिकवणारे यजमानच. त्यांची रीत एकच: कुलूप डाव्या तळहातात धरायचं, त्याच हाताच्या बोटाने ताण द्यायचा आणि उजव्या हाताने आकडा, म्हणजे टोकाला वाकवलेली बारीक सळई, चालवायचा. दोन महिन्यांच्या सरावात पाच पिनांचं पितळी कुलूप मोजून तीनदा उघडलं. मग फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या दिराने आपला जुना शेगडा, म्हणजे व्हाइस, आणून ओट्यावरच्या लाकडी बाकाला बसवून दिला. पहिल्याच संध्याकाळी तेच कुलूप सात वेळा उघडलं. यजमान म्हणाले, "थे त शेगड्यानं उघडलं, तुया हातानं नाई." त्यानंतर ते शिकवायलाच बसले नाहीत. ताई विचारतात: शेगड्यावर शिकणं ही लबाडी आहे का? सवय लागून बाजारात फजिती होईल का? यजमानांचं मन राखायला शेगडा परत करून टाकावा का? दिवाळीपासून बाजारात बसायचं मनात आहे. शेजारच्या बाया "चोराची विद्या" म्हणून हसतात, तेही पत्रात आहे. आणि शेवटी एक ओळ: दीर पोळ्याला येणार आहेत, तेव्हा शेगडा तसाही परत जाणार.

ताई,

सात वेळा कुलूप उघडलं ही गोष्ट तुम्ही चौथ्या पानावर, तुरीच्या बियाण्याचा भाव आणि सासूबाईंच्या औषधांच्या मधे लिहिली आहे. जणू कबुलीजबाब. मी 28 वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवलं. एखाद्या पोराच्या हाताला काम पहिल्यांदा लागतं तो दिवस मला चेहऱ्यावरून ओळखू येतो. तुमचा तो दिवस येऊन गेला आणि तुम्ही त्याच्याबद्दल माफी मागत आहात. म्हणून आधी तेवढं नोंदवतो: कुलूप तुमच्याच हातांनी उघडलं. शेगड्याला पिना कळत नाहीत.

आता भाऊंच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या, म्हणण्याकडे येतो. ते मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. पण कोणतं अर्धं, ते कुलपाच्या पोटात डोकावल्याशिवाय कळायचं नाही.

तुमच्या पितळी कुलपात मधला गाभा फिरतो. त्या गाभ्यातून आणि बाहेरच्या अंगातून आरपार पाच भोकं आहेत. प्रत्येक भोकात खाली एक पिन, तिच्यावर दुसरी पिन आणि त्यावर स्प्रिंग. वरची पिन अर्धी गाभ्यात, अर्धी अंगात अडकलेली असते, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य चाबीने सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि गाभा मोकळा होतो. ही रचना अमेरिकेत लायनस येल धाकटे यांनी 1860 च्या दशकात पेटंट घेऊन पक्की केली, पण लाकडी पिनांची कुलपं इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वीपासून होती. आकड्याने कुलूप उघडतं ते एका उणिवेमुळे: पाच भोकं कारखान्यात कधीच अगदी एका ओळीत पडत नाहीत. केसाएवढा फरक राहतो. गाभ्यावर हलका ताण दिला की पाचांपैकी एकच पिन आधी चिमटीत सापडते. ती वर ढकलली की गाभा केसभर फिरतो, पिन बसते, आणि मग पुढची कुठली तरी अडकते. म्हणजे सगळा खेळ ताणाचा. ताण जास्त झाला तर सगळ्याच पिना आवळल्या जातात, कमी झाला तर बसलेली पिन परत खाली येते.

कुलूप तळहातात घेतलं की तुमच्या डाव्या हातावर एकाच वेळी दोन कामं येतात. कुलूप घट्ट धरायचं, आणि त्याच हाताच्या एका बोटाने चाबीच्या भोकात अडकवलेल्या ताणाच्या पट्टीवर अगदी हलका, एकसारखा दाब ठेवायचा. करून पाहा: लिंबू मुठीत आवळा आणि आवळलेलं असतानाच तर्जनी सैल ठेवा. जमत नाही. मूठ आवळली की बोटही आवळतं. तुम्ही लिहिता, तुमचा हात लहान आहे आणि सरावाचं कुलूप 65 मिलिमीटरचं आहे. म्हणजे कुलूप सांभाळण्यातच निम्मा जीव जातो. आकडा आत गेला की कुलूप निसटेल या भीतीने तुम्ही मूठ आवळता, बोट ताण वाढवतं, पिना अडकतात, तुम्ही आकडा जोरात दाबता, कुलूप आणखी निसटतं. दोन महिने तुम्ही कुलपाशी नाही, स्वतःच्या मुठीशी भांडत होतात.

शेगड्याने धरायचं काम काढून घेतलं. बोटाकडे फक्त ताण उरला आणि कुलूप उघडलं. यात लबाडी कुठली? तुमच्या आकड्यात आधीपासूनच गुण होता, तो मुठीच्या गोंधळात दिसत नव्हता, एवढंच त्या संध्याकाळी सिद्ध झालं. शिकताना शेगड्याचा मोठा फायदा हाच की चूक कुणाची ते कळतं. हातात कुलूप उघडलं नाही तर दोष पट्टीचा, आकड्याचा, पकडीचा की गंजक्या स्प्रिंगचा, याचा पत्ता लागत नाही.

आता भाऊंचं अर्धं खरं. शेगडा जोर खपवून घेतो. तळहातात ताण जास्त दिला तर कुलूपच मुठीत फिरायला लागतं, आणि हात लगेच सांगतो की बाई, जरा सबुरीनं. शेगड्यात कुलूप हलत नाही, त्यामुळे तुम्ही पाव किलोच्या जागी किलोभर जोर लावत राहता आणि कळतही नाही. पातळ पट्टी वाकते, आकड्याचं टोक मोडून कुलपात राहतं. मी पोरांना शेगड्यात ब्लेडचे तुकडे मोडताना इतकं पाहिलंय की त्याचा वेगळा डबा ठेवावा लागला होता. शिवाय हातातल्या कुलपाची 'टिक' दोन्ही तळव्यांना कळते, तर जड शेगडा आणि जाड बाक त्यातलं थोडं गिळतात. 16 वर्षं कुलूप तळहातात ऐकलेल्या माणसाला शेगड्यातलं कुलूप मुकं वाटलं असेल, तर तो त्याचा अहंकार आहे असं मी म्हणणार नाही.

पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे, आणि तुम्हीही ती तशीच उचलली: बाजारात कुलूप हातातच येणार. येणार का? भाऊंची जुनी गिऱ्हाइकं आठवून बघा. बाजारात पेटीसमोर कुलूप घेऊन येणारा माणूस ते आधीच कोयंड्यातून काढून आणतो. म्हणजे ते उघडं आहे आणि त्याला चाबी बनवून हवी आहे. तिथे आकड्याचं काम थोडं आणि कानशीचं जास्त. कोरी चाबी मेणबत्तीच्या काजळीवर धरायची, कुलपात घालून फिरवायची, काजळी जिथे घासली तिथे कानस मारायची आणि पुन्हा घालायची. हे काम तर भाऊ स्वतः छोट्या हातशेगड्यात चाबी धरूनच करत असणार. पेटी उघडा, नक्की सापडेल. शेगड्याशी त्यांचं वैर नाही ताई, त्यांचा राग दुसऱ्या कशाचा तरी आहे. त्याकडे येतोच.

खरं बंद कुलूप भेटतं ते लोकांच्या दारात. पुण्याहून दिवाळीला आलेल्या मुलाने चाबी तिकडेच विसरलेली, घराला कुलूप. तुम्ही उंबऱ्यात उभ्या. कुलूप कोयंड्यात लटकतंय. ते ना शेगड्यात, ना तळहातात. पुढे ओढलं तर कडीला धक्का लागतो, सोडलं तर झुलतं. डाव्या हाताने दाराच्या फळीला दाबून धरावं लागतं आणि कोन वाकडाच मिळतो. कपाटाचं कुलूप पत्र्यात पक्कं बसलेलं, म्हणजे निसर्गानेच दिलेला शेगडा. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरपेटीचं कुलूप कमरेच्या खाली, आत काळ्या मातीची धूळ, आणि मे महिना असेल तर लोखंड इतकं तापलेलं की तळहातात धरायची गोष्टच सोडा, फडकं लागतं. आपल्याकडच्या 45 अंशांत "हातानंच उघड" हा धडा दुपारी बारानंतर चालत नाही.

म्हणून मला तिसरीच गोष्ट सुचवायची आहे, जी तुमच्या पत्रात नव्हती. एक दीड फुटाची फळी घ्या, तिला जुना कडीकोयंडा ठोका आणि ती भिंतीला छातीच्या उंचीवर टांगा. त्यात कुलूप अडकवून सराव करा. सुरुवातीला फार चिडचिड होईल. पण बाजाराची तयारी म्हणायची तर हीच, आणि तिथे शेगड्यात शिकलेला हलका ताण उपयोगी पडतो, कारण लटकतं कुलूप जोर लावला की लगेच पळतं.

थोडं विषयांतर. लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा नावाच्या कुलूपवाल्यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप अनेक दशकं ठेवलेलं होतं. चाबीशिवाय उघडेल त्याला 200 गिनी. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनासाठी गेलेला अमेरिकेचा आल्फ्रेड हॉब्ज ते उघडायला बसला. कुलूप दोन फळ्यांच्या मधे स्क्रूने पक्कं केलेलं होतं, बाहेर दिसत होतं फक्त चाबीचं भोक. त्याने ताण धरून ठेवायला त्या लाकडालाच एक जुगाड बसवलं आणि 16 दिवसांत मिळून 51 तास काम करून कुलूप उघडलं. कंपनीने नेमकी भाऊंसारखीच तक्रार केली, की लाकडाला बसवलेल्या साधनाने उघडलं ते काय उघडणं! पंचांनी पैसे हॉब्जला दिले. भाऊंना ही गोष्ट सांगाल तर शेवटचं वाक्य जपून सांगा.

कुलपाची जातही बघावी लागते. सपाट पात्याची, एका काठाला करवतीसारखे दात असलेली चाबी असेल तर बहुतेक पिनांचं कुलूप. गोल दांड्याला टोकाशी चौकोनी दात असतील तर लिव्हरचं. लिव्हरच्या कुलपात आतल्या पट्ट्या उचलताना खटक्यावर बराच जास्त ताण धरावा लागतो, आणि गावाकडे जुन्या घरांना ही कुलपं अजून आहेत. त्यांच्यासाठी शेगडा मी सवलत मानत नाही, गरज मानतो. लहान हाताने लिव्हरचं जड कुलूप धरून तासभर सराव केलात तर मनगट दुखून दुसऱ्या दिवशी भाकरी थापता यायची नाही. ते उघडायला घाई करू नका, आधी पिनांचं हाताला बसू द्या.

शेगडा वापरायचाच तर नीट वापरा. पितळ मऊ असतं. दाते असलेल्या जबड्यात थेट धरलं तर ओरखडे येतात आणि फार आवळलं तर अंग दबून गाभाच जड होतो. मग तुम्ही अर्धा तास आकडा मारत बसाल आणि कुलूप मुळात चाबीनेही उघडणार नाही. यावर सोपी परीक्षा: कुलूप शेगड्यात बसवलं की आधी त्याची खरी चाबी घालून फिरवा. हातात फिरते तितकीच सहज फिरली पाहिजे. जड वाटली तर अर्धा आटा सैल करा. जबड्यांना चामड्याचे तुकडे किंवा सायकलची फाटकी ट्यूब लावा. कुलपाच्या भरीव कडा धरा, गाभ्याच्या बाजूवर दाब येऊ देऊ नका.

उंचीचंही बघा. शेगड्याचा वरचा काठ उभ्या माणसाच्या कोपराला लागावा हा फिटरचा पहिला धडा, पण तो कानस चालवण्यासाठी. दिराने तो आपल्या मापाने बसवला असणार आणि तुम्ही खांदे वर उचलून काम करत असणार. तुम्ही स्टुलावर बसा, चाबीचं भोक छातीसमोर येऊ द्या, कोपरं बाकावर टेकवा. बोटाची थरथर निम्मी होते.

सराव रोज अर्धा तास पुरे. सकाळी, हात थकायच्या आधी. निंदणीहून आल्यावर नको, तेव्हा बोटांना काहीच कळत नाही. कुलपाचा जुना सिलिंडर मिळाला तर भाऊंकडून तो खोलून घ्या आणि दोनच पिना ठेवून बसवा. दोन जमल्या की तीन. शेगड्यात सलग पाच वेळा उघडलं की तेच लगेच तळहातात घ्या, बोटात ताणाची आठवण ताजी असतानाच. आणि तळहातासाठी 65 चं कुलूप बाजूला ठेवा, 40 किंवा 50 चं घ्या. धरताना कडी तळहाताकडे, भोक तुमच्याकडे, अंग चार बोटांच्या मुळाशी टेकलेलं, पट्टीवर अंगठा. भाऊंचा हात मोठा, ते तर्जनी वापरत असतील, तुम्हाला अंगठा सोपा जाईल. डोळे मिटूनही करून बघा. पट्टीवर किती जोर, हे सांगायला माझ्याकडे एकच माप आहे: बोटाच्या पेराचा रंग बदलला नाही पाहिजे. नख पांढरं पडलं म्हणजे जास्त झालं.

तेल घालू नका. आपल्याकडच्या धुळीत तेल म्हणजे चिखल. पेन्सिलचं शिसं किसून बारीक पूड फुंका.

आता भाऊ.

पत्रात तुम्ही त्यांचं वाक्य दोनदा लिहिलं आहे. दुसऱ्यांदा लिहिताना तुमचा पेन "हातानं" या शब्दावर दाबला गेला, कागद फाटायच्या बेतात. मलाही तो शब्द अडकला. ज्या माणसाचा उजवा हात दोन वर्षांपासून ऐकत नाही, त्याच्या ओट्यावर एक लोखंडी हात आणून बसवला. तो हात कधी थकत नाही, आणि पहिल्याच संध्याकाळी त्याच्या मदतीने बायकोने सात वेळा कुलूप उघडलं. दिराने भलं केलं, तुम्ही भलं केलं, पण भाऊंना कुणी विचारलं का, की शेगडा आणू का, कुठे बसवू? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. तुम्हाला वाटलं त्यांचा आक्षेप शिकण्याच्या रीतीवर आहे. मला वाटतं, गुरू म्हणून त्यांच्याकडे उरलेली एकच गोष्ट, 'हातात असं धर', तीही शेगड्याने घेतली. त्या रात्री तुम्ही शेगडा परत केला असता तरी हे दुखणं गेलं नसतं. त्यांना वाटलं असतं, आपल्या दुखण्यापायी हिचं शिक्षणही बंद पडलं. म्हणून परत करायच्या विचाराला माझा विरोध आहे.

त्याऐवजी एक करून बघा. तळहातातल्या कुलपावर दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही. दोन महिने भाऊ तुमच्यासमोर बसून नुसतं पाहत होते. तुमचं बोट किती दाबतंय हे त्यांना दिसूच शकत नव्हतं, ताण डोळ्यांना दिसत नाही. पोरांना कानस शिकवताना मी त्यांच्या हातावर हात ठेवायचो, कारण तोंडाने सांगून जोर कधीच कळला नाही, ना त्यांना, ना मला. कुलूप शेगड्यात असेल तर मात्र त्यावर दोन माणसांचे हात मावतात. भाऊंना डाव्या बाजूला बसवा. ताणाची पट्टी त्यांच्या डाव्या, चांगल्या हाताच्या बोटाखाली द्या. आकडा तुम्ही चालवा. पिन बसली की गाभा केसभर सरकतो, तो त्यांच्या बोटाला तुमच्या आधी कळेल. काही कुलपांत कंपन्या डमरूच्या आकाराच्या पिना घालतात. ती पिन उचलताना गाभा उलट ढकलतो आणि नवशिक्याला वाटतं सगळं बिघडलं. 16 वर्षांचं बोट म्हणेल, "थांब, सोडतो जरासा." त्या क्षणी किती सोडायचं, हे मी तुम्हाला शंभर पानांत लिहून सांगू शकणार नाही. ते त्यांच्या बोटातच आहे. मग जागा बदला, पट्टी तुमच्याकडे आणि त्यांचं बोट तुमच्या बोटावर.

आणि कधी तुम्ही घरात नसताना, कुलूप शेगड्यात चाबीसकट बसवून, पेटी शेजारी उघडी ठेवून या. काही बोलू नका. पट्टीवर लागतो तो जोर इतका हलका असतो की कमजोर हाताचं नुसतं वजन टेकलं तरी पुरेल, आणि आकडा डाव्या हाताने शिकता येतो. करावंसं वाटलं तर ते करतील. हा औषधोपचार नाही, त्यासाठी फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलेले व्यायाम चालूच ठेवायचे. पण शेगडा "तुझा" न राहता घरातला झाला तर ओट्यावरची शांतता फुटेल, असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला तर मला शिव्या घालणारं पत्र लिहा, छापीन.

शेजारच्या बायांचं: त्यांना हसू द्या, पण काम उघड्यावर करा. सराव ओट्यावरच चालू द्या, दाराआड नको. गावच्या पोलीस पाटलांना एकदा दोघंही जाऊन भेटा आणि सांगा, की भाऊंचं काम आता मी करते. गावातला पोलीस पाटील यासाठीच असतो, त्याला आधीच ठाऊक असलं की उद्या कुणाचं घर फुटलं तर पहिली नजर तुमच्या ओट्याकडे वळत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मधल्या कलम 122 खाली सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे. चाबीवाल्याच्या धंद्याचं कारण सबळच, पण अंधारात पेटी घेऊन एकट्याने फिरणं टाळा आणि पेटीत धंद्याचा काही कागद ठेवा, बाजाराच्या जागेची पावती असली तरी चालेल.

दारातलं कुलूप उघडायला कुणी बोलावलं तर घर त्याचंच आहे याची खात्री करा. शेजारी ओळखतात का विचारा, दोन माणसं समोर उभी करा, आणि वहीत तारीख, नाव, फोन नंबर लिहून सही घ्या. ओळखीच्या माणसालाही हाच नियम. भावाभावांच्या वाटणीत एकाने लावलेलं कुलूप दुसऱ्याने चाबीवाल्याकडून उघडून घ्यायचं, हे आपल्याकडे नवीन नाही, आणि त्यात मरतो तो चाबीवाला. भाऊंना यातले किस्से माहीत असतील, विचारा. सरावासाठी कुलपं मात्र स्वतःचीच, तीही वापरात नसलेली. ट्रंकेच्या चालू कुलपावर हात साफ करू नका, पिना झिजतात, स्प्रिंग बसतात आणि लग्नाच्या दिवशी शालू आत राहतो.

व्हिडिओ बघून घरी शिकणाऱ्या पोरांचीही बरीच पत्रं येतात, त्यांना इथेच सांगून टाकतो. 'शेगडा की हात' यावर भांडत बसू नका. पुढे तुम्हाला दारांची आणि कपाटांची कामं करायची असतील तर शेगड्यात जास्त वेळ घाला. नुसता छंद असेल तर हातात मजा जास्त. दोन्हीकडे अडलात तर पट्टी तपासा. वायपरच्या पात्यातली स्टीलची पट्टी चांगली, छत्रीची काडी चालते, पत्र्याचा कापलेला तुकडा मात्र वाकतो आणि ताणाची खोटी माहिती देतो. शेगडा विकत घ्यायचा तर तीन इंची पुरतो. कुलूप धरायला सहा इंची शेगडा म्हणजे मुंगीला बैलाचं जू.

दिवाळीचं विचारलंत. बसा. पण पहिले दोन महिने चाबी घासायची आणि जोडचाबी बनवायची कामं घ्या, दारावरचं काम आलं तर भाऊंना सोबत न्या. ते नुसते स्टुलावर बसले तरी गिऱ्हाइकाला धीर येतो आणि तुम्हालाही. तुमच्या धंद्यात लोक कुलपाच्या आधी माणूस बघतात. बाई चाबीवाली पाहून दोन जण मागे फिरतील, तिसरी एखादी म्हातारी मात्र मुद्दाम तुमच्याचकडे येईल, कारण तिच्या कपाटात काय आहे ते तिला बाप्यांना दाखवायचं नसतं.

राहिला पोळ्याचा प्रश्न. दिराला शेगडा न्यायचा असेल तर नेऊ द्या, तो त्याच्या पोटाचा आहे. तुमच्या गावात तिफणी दुरुस्त करणारा सुतार असेलच. त्याच्याकडून बाभळीचा वीतभर ठोकळा घ्या आणि त्याला तुमच्या कुलपाच्या मापाची, बोटभर जास्त रुंद खाच पाडून मागा. दोन पाचरी. कुलूप खाचेत ठेवायचं, दोन्ही बाजूंनी पाचर हाताने दाबायची, हातोडी लावायची नाही. ठोकळ्याला खालून दोन भोकं पाडून तो बाकाला खिळा. लाकूड पितळाला ओरखडत नाही, आवाजही लोखंडापेक्षा बरा देतं. खाचेचं माप मात्र भाऊंना घ्यायला सांगा, आणि ठोकळा कुठे बसवायचा तेही त्यांनाच विचारा.